आप्पांच्या एमआरआयवर ‘वयानुसार बदल’ असे लिहून आले आहे. मग तो झटका होता की म्हातारपण?

गोदाकाठ, परभणी

माझे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, 74 वर्षांचे असून गंगाखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. गेल्या सोमवारी सकाळी चहा घेताना त्यांच्या डाव्या हातातून बशी निसटली. ती उचलायला ते वाकले तेव्हा बोटे बशीच्या कडेपर्यंत पोचत होती, पण पकड येत नव्हती, आणि आईने काय झाले म्हणून विचारले तर जीभ जड झाल्यासारखे उत्तर आले. वीस-पंचवीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. त्यांनी ‘रात्री झोप झाली नाही’ म्हणून विषय मिटवला; दुपारपर्यंत मात्र ‘मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं’ ही बातमी गल्लीभर झाली होती. मी पुण्याहून पोचेपर्यंत बुधवार उजाडला आणि गुरुवारी आम्ही परभणीला मेंदूचा एमआरआय केला.

अहवालाच्या शेवटी तीन ओळी आहेत. पहिलीत वयानुसार मेंदूचे आकुंचन झाल्याचे म्हटले आहे. दुसरीत दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या जुनाट आजाराचे ठिपके, फझेकस श्रेणी 2, आणि खोलवर 7 मिलिमीटरचा एक जुना लॅक्युनर इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला छोटा भाग, नोंदवला आहे. तिसरीत ताजा इन्फार्क्ट नाही असे आहे. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून ‘या वयात एवढे असतेच’ असे सांगितले, तर औषधाचे दुकान चालवणाऱ्या आमच्या मामांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून ‘हा झटकाच आहे’ असे ठासून सांगितले. कागद एकच असताना दोन माणसे दोन गोष्टी वाचतात. मला उपचाराचा सल्ला नको आहे, तो आम्ही डॉक्टरांकडूनच घेऊ. पण म्हातारपणाने झालेला बदल कोणता आणि झटक्याने झालेली इजा कोणती, हे त्या काळ्या-पांढऱ्या चित्रातून ओळखतात तरी कसे, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

क्षकिरण, लातूर

मी वीसहून अधिक वर्षे ही चित्रे वाचण्याचेच काम करतो आहे. चित्र न पाहता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी आधी सांगतो. हात आणि जीभ वीस मिनिटांत सुधारली म्हणजे धोका टळला असे नव्हे, कारण अशा क्षणिक झटक्यानंतर खरा झटका येण्याची भीती पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असते. तेव्हा धाग्याच्या उत्तरांची वाट न पाहता आजच फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा. दुसरे असे की तो 7 मिलिमीटरचा डाग डाव्या बाजूला आहे की उजव्या, हे अहवालात पाहून इथे लिहा. त्यावर बरेच अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. साठीनंतर मेंदूचे आकारमान वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत घटत जाते. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा माती कुठे वाहून गेलेली नसते, ती आकसलेली असते. तसेच मेंदूच्या वळ्या आकसतात, त्यांच्यामधल्या खाचा रुंदावतात आणि आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसू लागतात. वयाच्या या बदलाची खूण म्हणजे तो दोन्हीकडे सारखा असतो. चित्राच्या मधोमध रेघ मारून घडी घातली तर दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा डोळा भिरभिरवत डावीकडून उजवीकडे तुलना करायलाच शिकवतो.

झटक्याची इजा अशी जुळत नाही, कारण ती रक्तवाहिनीच्या हद्दीने होते. जायकवाडीच्या कालव्यावर ज्याचे शेत आहे त्याला हे लगेच उमगेल. एखादी चारी मध्येच बुजली तर तिच्यावर भिजणारे सगळे क्षेत्र एकदम वाळते आणि शेजारच्या चारीवरचे रान हिरवेच राहते. उंचावरून पाहिले तर दोन्हींमधली सीमा आखल्यासारखी दिसते. मोठी धमनी बंद पडली की मेंदूत तसेच होते. पाचरीच्या आकाराचा एक भाग, ज्याचे टोक आत आणि रुंद बाजू कवटीकडे असते, कडेचा करडा थर आणि आतला पांढरा भाग दोन्ही सोबत घेऊन मरतो. याच्या उलट, कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जे घडते ते संथ असते. तिथे काही फुटलेले नसते की बुजलेले नसते, फक्त गाळ साचत जातो, दाब कमी पडतो आणि वर्षानुवर्षे पाणी अपुरे पोचते. मेंदूतल्या पोकळ्यांच्या लगतचा पांढरा भाग हे असे टेलचे रान आहे, कारण तिथे पोचणाऱ्या धमन्या लांब, केसासारख्या बारीक आणि एकट्या असतात. फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूतले पाणी काळे केलेले असते, त्यामुळे या भागातले ठिपके पांढरे उठून दिसतात. त्यांचीच श्रेणी अहवालात दिलेली आहे. फझेकस आणि सहकाऱ्यांनी 1987 साली दिलेल्या या मापात 0 म्हणजे काही नाही, 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे ते एकमेकांना मिळू लागलेले आणि 3 म्हणजे मिळून मोठे पट्टे झालेले.

काळीमाती, जालना

डॉक्टरसाहेब, आमचे शेत डाव्या कालव्याच्या टेललाच आहे, म्हणून मला आपले उदाहरण फार चटकन समजले आणि त्यातूनच एक शंका आली. टेलचे रान पाणी न मिळाल्याने वाळते. त्याला आम्ही ‘रान म्हातारे झाले’ असे म्हणत नाही, पाणी पोचले नाही असेच म्हणतो. मग बारीक धमन्यांतून रक्त कमी पोचल्याने जे ठिपके होतात त्यांना ‘वयानुसार’ का म्हणायचे?

क्षकिरण, लातूर

आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांनी ही चूक कबूल करायला हवी. हे ठिपके साठी-सत्तरीपुढच्या बहुतेक माणसांत थोडे तरी सापडतात, म्हणून त्यांना वयाच्या खात्यावर टाकायची सवय लागली. हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्येच त्यांना ‘ल्युकोअरायोसिस’ असे मुद्दाम तटस्थ नाव दिले होते, कारण ठिपक्यांचे मूळ ठरलेले नसताना नावातच निकाल देऊन टाकणे त्यांना बरोबर वाटले नाही. त्यानंतरच्या काळात जे कळले ते असे की वय हा यातला मोठा वाटेकरी आहेच, पण रक्तदाब हा दुसरा मोठा वाटेकरी आहे आणि वयासारखा तो आपल्या हाताबाहेरचा नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवण्याचे ध्येय घेतलेल्या गटात हे ठिपके वाढण्याचा वेग कमी राहिला, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट-माइंड या अमेरिकी चाचणीत दिसले. फरक थोडाच होता, पण दिशा स्पष्ट होती.

म्हणून 74 व्या वर्षी श्रेणी 1 दिसली तर मी स्वतः ‘वयाला साजेसे’ असे लिहितो. श्रेणी 2 ला तसे लिहिताना माझा हात अडखळतो, आणि 50 वर्षांच्या माणसात श्रेणी 2 दिसली तर तो शब्द मी वापरतच नाही. म्हातारपण आणि झटका यांच्यामध्ये कुंपण नाही, बांध आहे, आणि तोही अनेक ठिकाणी खचलेला आहे.

बीडची लेक

माझा अनुभव सीटी स्कॅनचा आहे आणि तो अजून मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी आईचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. तासाभरात आम्ही तिला जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयात नेले, तिथे लगेच सीटी काढला आणि ‘स्कॅन नॉर्मल आहे, वयानुसार थोडे आकुंचन आहे’ असे सांगून संध्याकाळी घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची पूर्ण उजवी बाजू गेली, आणि मग काढलेल्या सीटीत डाव्या बाजूला मोठा काळा भाग दिसला. पहिला स्कॅन चुकीचा वाचला गेला होता का, हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारू शकले नाही.

क्षकिरण, लातूर

ताई, वाचून फार वाईट वाटले. पहिला स्कॅन चुकीचा वाचला गेला असेलच असे नाही, पण त्याचा जो अर्थ काढला गेला तो मात्र चुकीचा होता.

सीटीचे यंत्र प्रत्येक बिंदूला एक अंक देते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी उभारलेल्या या यंत्रावर 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, आणि ते अंक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पाण्याचा अंक शून्य, मेंदूचा साधारण 25 ते 40 आणि गोठलेल्या ताज्या रक्ताचा 60 किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो पहिल्या मिनिटापासून पांढरा दिसतो. रक्त अडून झालेल्या झटक्यात मात्र सुरुवातीला मेंदूत किंचित पाणी मुरते आणि अंक दोन-चारने घसरतो. तेवढा फरक पहिल्या काही तासांत डोळ्याला दिसेलच असे नाही. कधी बंद पडलेली धमनीच पांढऱ्या दोरीसारखी दिसते, कधी करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट होते. कधी काहीही दिसत नाही. म्हणजे पहिल्या तासातल्या सीटीला विचारायचा प्रश्न ‘रक्तस्राव आहे का’ एवढाच असतो. त्याने ‘नाही’ म्हटले आणि हात लुळाच असेल, तर झटका नाही असे ठरत नाही, उलट गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा विचार त्याच क्षणी सुरू व्हायला हवा. ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठी धमनी बंद असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते.

गोदाकाठ, परभणी

आज सकाळी आप्पांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे दाखवले, त्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो. आपण विचारलेली बाजू पाहिली. डाग डावीकडे आहे. हातही डावाच गेला होता, म्हणजे दोन्ही जुळतात ना?

क्षकिरण, लातूर

नाही, आणि म्हणूनच मी बाजू विचारली होती. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. डावा हात लुळा पडला असेल तर दोषी जागा उजवीकडे शोधायला हवी. डावीकडच्या त्या 7 मिलिमीटरच्या खड्ड्याचा सोमवारच्या बशीशी काही संबंध नाही. तो आधी कधीतरी होऊन गेलेला वेगळाच झटका आहे, आणि तो बहुधा कुणाच्या लक्षातही आला नसावा. असे मूक झटके म्हातारपणी बरेच आढळतात.

तो जुना आहे हे कशावरून ठरते, तेही सांगतो. झटका आलेल्या भागातल्या पेशी सुजतात आणि त्यांच्यामधल्या पाण्याची हालचाल अडते. डीडब्ल्यूआय हे चित्र नेमकी ही अडलेली हालचाल दाखवते, त्यामुळे ताजा झटका काळ्या आभाळात बल्ब लावावा तसा चमकतो. ही चमक झटक्यानंतर थोड्याच वेळात येते आणि साधारण दहा-चौदा दिवस टिकते. हे चित्र काढायला दोनेक मिनिटे लागतात, पण अख्ख्या तपासणीतली सर्वांत मोलाची मिनिटे तीच असतात. डीडब्ल्यूआयवर पांढरे दिसणारे सगळेच ताजे नसते, म्हणून जोडीला एडीसीचे, म्हणजे पाण्याची हालचाल किती होते ते मोजणारे, चित्र पाहावे लागते. तिथे तोच भाग काळा असेल तरच तो ताजा. पुढे मेलेला भाग शोषला जाऊन पाण्याने भरलेला खड्डा उरतो, ज्याच्या कडेला फ्लेअरवर जखमेच्या वणासारखी पांढरी किनार दिसते. नवा मोठा झटका सुजेमुळे शेजारच्या भागाला ढकलतो, तर जुना मोठा झटका शेजारची पोकळी आपल्याकडे ओढून घेतो. म्हातारपण यांपैकी काहीच करत नाही.

आप्पांचा स्कॅन तिसऱ्या दिवशी झाला आहे, म्हणजे सोमवारी मेंदूचा एखादा भाग मेला असता तर तो गुरुवारी बहुतेक चमकलाच असता. ‘बहुतेक’ असे म्हणतो, कारण चित्राचे काप साधारण पाच मिलिमीटर जाड असतात आणि मेंदूच्या देठातला अगदी बारीक झटका दोन कापांच्या मध्ये लपू शकतो. डीडब्ल्यूआय कोरे असणे म्हणजे क्षणिक झटका आला नव्हता असेही नाही. ते निदान चित्रावरून नव्हे, आईंनी सांगितलेल्या हकिगतीवरून होते.

हिंगोलीचा वाटसरू

माझे वय 58 आहे. कुठलीही तक्रार नसताना एका तपासणी योजनेत मेंदूचा एमआरआय काढला आणि त्यात ‘खोल भागात अनेक बारीक पोकळ्या’ असे आले. तेव्हापासून बायको मला एकट्याला दुचाकीवर जाऊ देत नाही. हेही मूक झटकेच समजायचे का?

क्षकिरण, लातूर

अहवालात ‘पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस’ किंवा ‘व्हिर्को-रॉबिन’ असे शब्द असतील तर ते झटके नव्हेत. मेंदूत शिरणाऱ्या प्रत्येक धमनीभोवती पाण्याचे अस्तर असते, आणि वयाबरोबर ते सैल होते. हे अस्तर बहुधा तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद असते, धमनीच्या दिशेने लांबट दिसते आणि त्याच्या कडेला पांढरी किनार नसते. लॅक्युन हा साधारण 3 ते 15 मिलिमीटरचा, गोलसर आणि पुष्कळदा किनारीसह असतो. गडबड होते ती दोघांच्या सीमेवरच्या तीन-चार मिलिमीटरच्या ठिपक्यांत, आणि तिथे दोन अनुभवी डॉक्टरांचेही मत वेगळे पडू शकते. दुचाकीबाबत वहिनींशी वाद घालण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

फिजिओ, नांदेड

थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या फिल्मवर तळहाताएवढा जुना झटका दिसतो आणि ते रोज गोदावरीच्या घाटापर्यंत काठी न घेता जातात. दुसऱ्या एका आजींच्या फिल्मवर नखाएवढाच डाग आहे आणि त्यांना अजून चमचा धरता येत नाही. तो नखाएवढा डाग इंटर्नल कॅप्सूल नावाच्या पट्ट्यात आहे, जिथून हातापायाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा एकत्र बांधून जातात. म्हणून डाग किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे हे आधी विचारावे. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘मेंदू एमआरआय’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना कुठे बारकाईने पाहायचे ते कसे कळणार, हाही प्रश्न मला नेहमी पडतो.

क्षकिरण, लातूर

मॅडम, अगदी खरे आहे. दिवसाला चाळीस-पन्नास स्कॅन समोर येतात, आणि निम्म्यांच्या चिठ्ठीवर ‘चक्कर’ याखेरीज शब्द नसतो. ‘सोमवारी सकाळी वीस मिनिटे डावा हात आणि जीभ जड’ एवढे लिहिलेले असेल तर मी उजव्या बाजूचा प्रत्येक काप दोनदा पाहतो.

अंबाजोगाईकर

एमआरआयवर ‘मायक्रोब्लीड्स’ असे लिहिले असेल तर रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी का? माझ्या सासऱ्यांची गोळी आमच्या एका नातेवाइकाने परस्पर बंद करून टाकली आहे.

क्षकिरण, लातूर

ती गोळी बंद करण्याचा निर्णय ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशिवाय कुणीही घेऊ नये, आणि आपण त्यांना आजच फोन करावा. मायक्रोब्लीड म्हणजे बारीक धमनीतून कधीकाळी झिरपलेल्या रक्ताचा लोहाचा अवशेष. एसडब्ल्यूआय या चित्रात तो मोहरीएवढा काळा ठिपका दिसतो. हे ठिपके मेंदूच्या खोल भागात असतील तर संशय रक्तदाबावर जातो. कडेच्या भागात असतील तर धमन्यांच्या भिंतीत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनावर जातो. एखाददुसरा ठिपका सापडला एवढ्यावरून गोळी थांबवत नाहीत. संख्या, जागा आणि गोळी कशासाठी आहे हे तिन्ही पाहावे लागते.

गोदाकाठ, परभणी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मेंदूविकारतज्ज्ञांनी सोमवारचा प्रकार क्षणिक झटकाच होता असे सांगितले, औषधे सुरू केली, मानेच्या धमन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला आणि छातीला 24 तासांचे ईसीजी यंत्र लावले. डॉप्लरमध्ये उजव्या धमनीत चरबीचा थर आहे, पण अरुंदपणा निम्म्याहून कमी आहे. ईसीजीचा अहवाल यायचा आहे. घरी घेतलेला सकाळचा रक्तदाब सलग चार दिवस 160 च्या वर आला, आणि आप्पांनी तेव्हा कुठे कबूल केले की ‘मला काही होत नाही’ म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी गोळी सोडून दिली होती.

आणखी एक गोष्ट सापडली. आई म्हणाली की 2017 मध्ये मोंढ्याजवळ दुचाकीवरून पडले तेव्हा डोक्याचा फोटो काढला होता. सेवापुस्तिका आणि पेन्शनच्या कागदांच्या पेटीत तळाशी ती सीटीची फिल्म मिळाली, उन्हाळ्यांनी दुसऱ्या एका फिल्मला चिकटलेली. सावकाश सुटी करून खिडकीच्या काचेला लावली आणि नवी फिल्म शेजारी धरली. फिल्मची उजवी म्हणजे माणसाची डावी, हे क्षकिरण सरांनी व्यक्तिगत संदेशात सांगितले नसते तर मी उलटेच शोधत बसलो असतो.

क्षकिरण, लातूर

नाव झाकून पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. मोबाइलवरच्या फोटोवरून पक्के बोलत नाही, मूळ फिल्म तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पण 2017 च्या फिल्ममध्ये त्याच जागी, तेवढाच काळा ठिपका मला दिसतो आहे. पोकळ्यांचा आकार दोन्हींत जवळपास सारखा आहे, म्हणजे आकुंचनाचा वेग तरी साधा आहे. पोकळ्यांलगतचे ठिपके सीटीवर नीट कळत नाहीत, त्यामुळे ते किती वाढले हे या जोडीवरून सांगता येणार नाही. आताचा एमआरआय पुढच्या तुलनेसाठी सीडीसह जपून ठेवा.

गोदाकाठ, परभणी

दोन्ही फिल्म एका मोठ्या पाकिटात घातल्या आहेत. पाकिटावर आप्पांनी स्वतःच्या डाव्या हाताने धरून, उजव्या हाताने, शाळेच्या दाखल्यावर लिहीत तशा वळणदार अक्षरांत दोन्ही तारखा घातल्या आणि खाली ‘डावीकडील खड्डा जुना’ असा शेरा मारला.